मालेगावचा सुपरमॅन: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

विडंबन म्हणजे एखाद्या परिचित कृतीचा घाट, तिची पात्रे आणि तिच्या लकबी जाणूनबुजून उचलून तिच्या गांभीर्याला सुरुंग लावणारी दुसरी कृती. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हापासून कवितेच्या विडंबनाची चर्चा मराठीत होत आली आहे. चित्रपटाच्या विडंबनाची तशी चर्चा क्वचितच झाली, आणि जे विडंबन पैशाच्या चणचणीतच जन्माला येते त्याकडे तर समीक्षेने कौतुकाच्या किंवा कीव करण्याच्या नजरेपलीकडे जाऊन फारसे पाहिलेच नाही. शेख नासिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा अशा चर्चेसाठी चांगला नमुना ठरतो, कारण अमेरिकी महानायकपटाची, म्हणजे अलौकिक शक्ती लाभलेल्या नायकाच्या चित्रपटाची, थट्टा करणारी ही कृती त्या चित्रपटांच्या एका मिनिटालाही पुरणार नाही एवढ्या पैशात उभी राहिली आहे.

गावाची थोडी ओळख आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि गिरणा या नद्यांच्या परिसरात वसलेले मालेगाव यंत्रमागांवर जगते, आणि येथील विणकरांपैकी अनेकांचे पूर्वज उत्तर भारतातून स्थलांतर करून आलेले आहेत. शुक्रवारी माग थांबतात, कामगारांच्या हाती वेळ आणि आठवड्याची मजुरी एकाच वेळी येते, आणि त्यातला काही भाग व्हिडिओ हॉलच्या तिकिटावर खर्च होतो; अशाच एका व्हिडिओ हॉलच्या चालकाने, म्हणजे नासिर यांनी, २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, ज्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. पुढे सुपरमॅनच्या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये पूर्ण केला, तो २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला आणि गावाबाहेरच्या बहुतेकांना हा सुपरमॅन माहीत झाला तो त्यातूनच.

शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीत आधी प्रतिकूल मत, म्हणजे पूर्वपक्ष, पूर्ण ताकदीनिशी मांडले जाते आणि मग उत्तरपक्ष त्याचा समाचार घेतो. पुढील संवादात पूर्वपक्ष सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या एका अध्यापिकेकडे आणि उत्तरपक्ष एका चित्रपट-संकलकाकडे दिला आहे. दोघेही कल्पित आहेत, मात्र ज्या कृतींवर ते वाद घालतात त्या खऱ्या आहेत.

अध्यापिका: विडंबनाला अंतर लागते, हे तर तुम्हालाही मान्य असेल. लिंडा हचन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात विडंबनाकडे चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती म्हणून पाहिले आहे, म्हणजे मूळ कृती पुन्हा उभी करताना तिच्याविषयी काही मत असले पाहिजे. मालेगावच्या सुपरमॅनमध्ये दिसते ते अंतर केवळ पैशाचे आहे. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’ला सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च आला, इथे लग्नाच्या चित्रीकरणात वापरतात तसला कॅमेरा आहे. ऐपत नसणे ही काही भूमिका होऊ शकत नाही. तुर्कस्तानात १९७९ साली कुंत तुल्गार यांनी काढलेला सुपरमॅनपटही असाच तुटपुंज्या साधनांचा आहे आणि आज तो पाहताना लोक पोट धरून हसतात, पण म्हणून त्याला विडंबन म्हणता येत नाही, कारण करणाऱ्यांना हसवायचे नव्हते. हसू आले म्हणजे विडंबन झाले, असे ठरले तर प्रत्येक फसलेला चित्रपट विडंबन ठरेल.

संकलक: तुर्की चित्रपटाचा दाखला मॅडमनी दिला हे बरे झाले, कारण फरक तिथेच सापडतो. तिथल्या निर्मात्यांनी पोशाख होता होईल तो मूळाबरहुकूम दिसावा असा प्रयत्न केला. मालेगावच्या सुपरमॅनने निळ्या पोशाखावर चड्डी चढवली आहे आणि तिचा नाडा बाहेर लोंबतो आहे. ज्या गावात दिवसरात्र कापड विणले जाते तिथे नाडा आत खोचायला पैसे लागत नाहीत. तो बाहेर ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे, आणि अशा निर्णयालाच तुमच्या हचनबाई चिकित्सक अंतर म्हणतील. अलौकिक पुरुष चड्डी बाहेरून का घालतो, हा प्रश्न शाळकरी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. त्या नाड्याने तो पडद्यावर आणला.

अध्यापिका: एक नाडा एवढे मोठे ओझे पेलेल?

संकलक: एकटा पेलणार नाही, म्हणून कथेकडे पाहावे लागते. मूळ सुपरमॅनचे शत्रू ग्रह गिळायला निघालेले असतात किंवा किनाऱ्यावरची जमीन समुद्रात बुडवून बाकीची विकायला. मालेगावच्या खलनायकाला घाण प्रिय आहे, गाव घाणीत राहावे एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे. आणि नायक कसा, तर काडीपैलवान, आणि त्याला दमा आहे. यंत्रमागाच्या गावात कापसाची तूस श्वासाबरोबर आत जाते हे सांगण्यासाठी इथे वेगळे भाषण करावे लागत नाही. ज्याच्या छातीवर बंदुकीची गोळी आदळून परत जायची, त्याच छातीत धाप भरलेली दाखवली की काम झाले.

येथे संकलकाच्या म्हणण्याला इतिहासाचा एक आधार जोडता येतो, जो त्याने स्वतः मांडला नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडमधील दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ च्या जून महिन्याच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते; तो उंच आणि लांब उडी मारत असे, फार तर एक अष्टमांश मैल. त्याचे पहिले शत्रूही परग्रहावरचे नव्हते: निरपराध स्त्रीला मृत्युदंड देऊ पाहणारी व्यवस्था, बायकोला मारहाण करणारा नवरा, भ्रष्ट राजकारणी अशांशी त्याची गाठ पडली, आणि १९३९ च्या एका कथेत तर त्याने शहरातील गलिच्छ वस्ती स्वतःच पाडून टाकली, जेणेकरून सरकारला तिथे नवी घरे बांधणे भाग पडावे. महामंदीच्या काळातला हा नायक मुळात नगरपालिकेच्या हद्दीतला होता. पुढच्या दशकांत त्याची शक्ती वाढत गेली तसे त्याचे शत्रू अंतराळात सरकत गेले आणि गटार, भाडे, मजुरी हे विषय त्याच्या हातून निसटले. मालेगावकरांनी त्या जुन्या अंकांचा अभ्यास केला होता असे सुचवण्याचे कारण नाही, तरीही त्यांच्या विडंबनाने सुपरमॅनला जिथे आणून ठेवले ते ठिकाण त्याच्या जन्मस्थानाच्या बरेच जवळचे आहे.

अध्यापिकेने हा आधार मान्य केला, परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष अडवला.

अध्यापिका: सीगल आणि शुस्टर स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, मालेगावचे विणकर स्थलांतरितांचे वंशज, दोन्हीकडे गरिबी, म्हणून दोन्हीकडे एकच नायक, अशी माळ ओवणे फार सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. साधर्म्य म्हणजे कारण नव्हे. आणखी एक गोष्ट. हुलियो गार्सिया एस्पिनोसा या क्यूबन दिग्दर्शकाने १९६९ मध्ये ‘अपूर्ण सिनेमा’ची कल्पना मांडली, म्हणजे तांत्रिक सफाईलाच कलेचे मोजमाप मानायला नकार देणारा सिनेमा. आता कोणी मालेगावला त्या परंपरेत बसवू पाहील. पण एस्पिनोसा यांची अपूर्णता हा नकार होता. मालेगावच्या मंडळींना सफाई हवीच होती, परवडत नव्हती एवढेच. उद्या त्यांना क्रेन मिळाली तर क्रेन म्हणून वापरलेली बैलगाडी ते सोडून देतील.

संकलक: सोडतील, आणि सोडावीच. बैलगाडीच्या जूवर माणूस बसवून, दुसरे टोक खाली दाबून कॅमेरा उंच नेणे यात रम्य काही नाही. पाठ दुखते आणि चित्र हलते. पण प्रश्न साधनाचा नाही, संहितेचा आहे. आपल्याकडे क्रेन नाही हे लिहिण्यापूर्वीच ठाऊक असलेला लेखक आणि चित्रीकरणाच्या दिवशी क्रेन आली नाही म्हणून कपाळाला हात लावणारा लेखक, या दोघांच्या कथा वेगळ्या होतात. तुर्की सुपरमॅन दुसऱ्या प्रकारचा, मालेगावचा पहिल्या प्रकारचा. ऐपत नसणे ही भूमिका नव्हे, हे कबूल; पण ती नसल्याचे धरून विनोद रचणे ही भूमिका आहे, आणि अत्र्यांच्या विडंबनातही तेच कौशल्य होते, की मूळ कवीचा सूर इतका चोख लावायचा की त्या सुरात क्षुल्लक वस्तू ठेवताच तो फाटावा.

या टप्प्यावर वाद उड्डाणाकडे वळला, आणि तो भाग थोडा तपशिलाने सांगण्याजोगा आहे, कारण महानायकपटाची सारी प्रतिष्ठा माणूस उडताना दिसण्यावर उभी असते. डॉनर यांच्या चित्रपटासमोर एक विचित्र अडचण होती. नायकाला एकरंगी पडद्यापुढे उभे करायचे आणि नंतर तो रंग वगळून मागे आकाश बसवायचे, ही पद्धत तेव्हा निळ्या पडद्याने केली जाई, आणि सुपरमॅनचा पोशाखच निळा. पडदा वगळताना नायकाचे अंगही वगळले जाण्याची भीती. त्यावर तोडगा म्हणून काही दृश्यांसाठी पोशाखाची छटा हिरवटपणाकडे झुकवली गेली आणि अनेक दृश्यांसाठी झोरान पेरिसिक यांनी तयार केलेली योजना वापरली गेली, जीत प्रक्षेपक आणि कॅमेरा या दोहोंना एकत्र जुळवलेल्या झूम भिंगांमुळे जागीच लटकलेला नट प्रेक्षकाकडे झेपावत असल्याचा भास होतो. तीस वर्षांनंतर मालेगावात हिरवे कापड आले. संगणकाने हिरवा रंग वगळायचा, त्या जागी गाव, शेते, आकाश बसवायचे, ही पद्धत तोवर लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करणाऱ्या दुकानांपर्यंत पोहोचली होती. हिरव्यावर निळा पोशाख उठून दिसतो, म्हणजे डॉनर यांची मूळ अडचण इथे उद्भवलीच नाही. अडचण होती ती माणसाला आडवा, अधांतरी कसा धरायचा, ही, आणि ती सोडवताना नटाची जी दमछाक झाली ती माहितीपटात दिसते. त्याच माहितीपटात कॅमेरा पाण्यात पडतो आणि संपूर्ण चित्रपट त्या एका ओल्या यंत्राच्या दुरुस्तीवर अडून राहतो. मध्येच नायक शफीक शेख यांचे लग्न निघते आणि चित्रीकरण थांबते.

अध्यापिका: हे सारे प्रसंग माहितीपटातले आहेत, हे लक्षात घ्या. मूळ चित्रपट पाहिलेले किती आणि माहितीपट पाहिलेले किती? मुंबईच्या चित्रपटगृहात जो हशा पिकतो तो सुपरमॅनच्या विडंबनावर पिकत नाही, तो विडंबन करणाऱ्यांच्या धडपडीवर पिकतो. कॅमेरा पाण्यात पडला, हसा. क्रेनऐवजी बैलगाडी, हसा. त्यात प्रेम असेल, पण ते प्रेम वरून खाली पाहणारे आहे. पुढे रीमा कागती यांनी याच कथेवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट केला, वरुण ग्रोव्हर यांच्या लेखणीतून. तो २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. चांगला चित्रपट आहे, हृद्य आहे, आणि त्यात गरिबीत चित्रपट काढण्याचे चित्रण करायला क्रेन, दिवे, नामवंत नट सगळे होते. विडंबनाचे विडंबन यापेक्षा वेगळे काय असते?

संकलक: हा मुद्दा खोडून काढता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते. विडंबन समजायला प्रेक्षकाला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: मूळ कृती, आणि ती जिथे उतरवली आहे ती जागा. मालेगावच्या व्हिडिओ हॉलमधला प्रेक्षक सुपरमॅनही जाणतो आणि ती गल्लीही, ते तुंबलेले गटारही, दम लागलेला शेजारीही. म्हणून त्याचे हसू वर, सुपरमॅनकडे, जाते. मुंबईतला किंवा टोरांटोतला प्रेक्षक सुपरमॅन जाणतो, गल्ली जाणत नाही. त्याचे हसू अडते, वळते आणि ज्यांनी केले त्यांच्यावर पडते. त्यात चित्रपटाची चूक नाही. कवी मर्ढेकरांच्या ओळींचे विडंबन मर्ढेकर न वाचलेल्याला ऐकवले तर तो फक्त ऐकवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून हसेल, तसे ते आहे.

संकलकाचा हा युक्तिवाद या संवादातील सर्वांत भक्कम म्हणावा लागेल, कारण तो विडंबनाचा गुण कृतीत न शोधता कृती, मूळ आणि प्रेक्षक यांच्या त्रिकोणात शोधतो. मराठी लोकनाट्याच्या जाणकाराला तो अपरिचित वाटणार नाही. तमाशातील गवळणीत प्रत्यक्ष कृष्ण असतो, आणि त्याच्याबरोबर लंगडा, बोबडा सवंगडी पेंद्याही असतो; देवाच्या लीलेला पेंद्याच्या शरीराचा धक्का बसतो तेव्हा प्रेक्षक देवाला सोडत नाही आणि पेंद्यालाही हिणवत नाही, कारण दोघेही त्याच्या घरचे असतात. मालेगावचा चित्रपट तमाशातून उतरला असे म्हणण्याला काही आधार नाही. त्याचे गुरू हिंदी मसालापट आणि व्हिडिओ कॅसेटी आहेत. तरी बलवंताशेजारी दुर्बळ देह उभा करून बलवंताला जमिनीवर आणण्याची युक्ती या भूमीत बरीच जुनी आहे, एवढे निःशंक म्हणता येते. आणि इथे तर दोन्ही देह एकाच नटात आहेत. तो नट, शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा. चित्रपटानंतर फार वर्षे न उलटता तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ही माहिती असलेल्या प्रेक्षकाला तो दमेकरी सुपरमॅन पहिल्यासारखा पाहता येत नाही, आणि शहरी कौतुकात करुणा मिसळते ती बहुधा याच ठिकाणी. करुणा खरी असली तरी तिच्यामुळे विनोदाचे परीक्षण टळते, हा अध्यापिकेचा आक्षेप मात्र उरतोच.

कायद्याचा मुद्दा दोघांनी ओझरताच हाताळला. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि टीका यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे, परंतु विडंबनाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मधील कॅम्पबेल खटल्यात विडंबन हा न्याय्य वापर ठरू शकतो असे मान्य केले. संकलकाचे म्हणणे असे की एखाद्या गावापुरत्या चित्रपटाला या कलमांची झळ लागण्याचा संभव कमी असतो. अध्यापिकेने त्यावर एवढेच सुचवले की गावापुरते असणे हा बचाव गावाबाहेर पडताच संपतो.

अध्यापिका: तुमचा त्रिकोण मान्य करून एक शेवटची शंका. तुम्ही वारंवार म्हणता, मालेगावचा प्रेक्षक मूळही जाणतो आणि गल्लीही. कोणता प्रेक्षक? या चित्रपटांत गावातल्या स्त्रिया काम करत नाहीत, नायिका बाहेरून आणावी लागते. शुक्रवारी मजुरी खिशात घालून व्हिडिओ हॉलला जाणारा तो कामगार पुरुष. सुपरमॅनच्या चड्डीची, छातीची, उड्डाणाची थट्टा झाली. पण तो ज्या बाईला वाचवायला उडतो तिची जागा मूळात होती तशीच राहिली, किंबहुना तिला साकारायलाही गावाने आपल्यातले कोणी दिले नाही. गल्लीचे गटार त्या चित्रपटाला दिसले, गल्लीतले घर दिसले नाही.

संकलक: हे खरे आहे आणि संकलनाच्या टेबलावर त्याची भरपाई होत नाही, कारण जे चित्रित झालेच नाही ते जोडता येत नाही. माहितीपटाने निदान त्या अनुपस्थितीची नोंद घेतली. विडंबनाने घेतली नाही, आणि घेतली असती तर कदाचित त्याच व्हिडिओ हॉलमध्ये ते लागलेही नसते. आता मालेगाव आणि खानदेशातल्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर निघतात, छोटू दादासारखे नट लाखो फोनांवर पोहोचले आहेत, आणि फोन शुक्रवार पाळत नाही, दारावर तिकीट विचारत नाही. तो कोणत्या घरात, कोणाच्या हातात आहे हे नासिर यांच्या पिढीला व्हिडिओ हॉलच्या दारात उभे राहून कळत असे तसे आता कोणालाच कळत नाही.

अध्यापिका: म्हणजे गल्ली जाणणारा प्रेक्षकही गेला.

संकलक: गल्ली जाणणारी प्रेक्षक कदाचित प्रथमच आली असेल, मॅडम, तिने हसून काय पाहिले ते अजून कोणी चित्रित केलेले नाही.